तिशी-चाळिशीनंतर पोहायला सुरुवात: आधी श्वास, मग हातपाय

व्यायामासाठी पोहायचं ठरवून टँकवर येणाऱ्या मोठ्या माणसांचे ढोबळ दोन गट असतात. पहिल्या गटाला अजिबात पोहता येत नाही. दुसरा गट लहानपणी गावाकडच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून शिकलेला असतो. ही मंडळी रुबाबात खोल भागात उतरतात, मान वर काढून दणादण हात मारतात आणि एका फेरीनंतर काठाचा पाइप धरून धापा टाकत उभी राहतात. ‘वय झालं’ किंवा ‘स्टॅमिना राहिला नाही’ असं निदान ते स्वतःच करून टाकतात.

दोन्ही गटांची अडचण बहुतेक वेळा एकच असते: पाण्यात श्वास सोडता येत नाही. घेता सगळ्यांनाच येतो, कारण तोंड बाहेर आलं की माणूस आपसूकच हवा ओढतो. पण तोंड पाण्यात असताना ती हवा शांतपणे बाहेर सोडणं शिकावं लागतं. ते जमलं की बाकीचं पोहणं आश्चर्य वाटावं इतक्या सहज येतं. ते जमेपर्यंत हातापायांवर कितीही मेहनत घ्या, २५ मीटरच्या पुढे गाडी जात नाही. म्हणून खालच्या क्रमात श्वासाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे आणि स्ट्रोकला, म्हणजे हातपाय मारण्याच्या पद्धतीला, त्या मानाने कमी.

पोहण्यातून काय मिळतं, काय नाही

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर येणारा भार साधारण निम्म्यावर येतो आणि गळ्याएवढ्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा उरतो. गुडघे, कंबर, टाच यांपैकी काही दुखत असल्यामुळे ज्यांचं चालणं-पळणं बंद पडलंय, त्यांना पाणी याच कारणाने मानवतं. दुसरीकडे पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असतं, त्यामुळे प्रत्येक हात मारताना खांदे, पाठ, पोट सगळ्यांना काम मिळतं. सांध्यांवर धक्का नाही आणि तरीही दम लागतो, असा हा व्यायाम आहे. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्री स्टाइलचं सुवर्ण जिंकलं. आपल्याला सुवर्ण नको आहे. पण जमिनीवर साथ न देणारं शरीर पाण्यात किती काम करू शकतं, हे यावरून कळतं.

आता उलट बाजू. निव्वळ वजन उतरवायला येणाऱ्यांची निराशा होण्याची शक्यता जास्त. सत्तर किलोच्या माणसाचे अर्धा तास मध्यम गतीने पोहून साधारण २०० ते २५० कॅलरी खर्च होतात, आणि टँकच्या बाहेरच्या गाडीवरचा एक वडापाव तो हिशोब फिटवून टाकतो. गार पाण्यातून बाहेर आल्यावर भूकही खवळलेली असते. शिवाय पाणी वजन उचलून धरतं, म्हणून हाडांना जो ताण हवा असतो तो यात मिळत नाही. आठवड्यातले दोन दिवस चालणं, जिने चढणं किंवा थोडं वजन उचलणं सोबत ठेवावंच लागतं. चाळिशीच्या पुढच्या बायकांनी तर हे नक्कीच ध्यानात ठेवावं.

टँक निवडताना

सोसायटीतला निळाशार तलाव फोटोत छान दिसतो, पण बहुतेक ठिकाणी तो दहा-बारा मीटरचा आणि आकाराने वेडावाकडा असतो. पाण्याची भीती घालवायला तो उत्तम. फिटनेससाठी मात्र सरळ २५ मीटरचा टँक शोधा. महापालिकेचे आणि क्लबचे टँक २५ किंवा ५० मीटरचे असतात. पुण्यातला डेक्कन जिमखान्याचा टिळक तलाव किंवा मुंबईत दादरचा महात्मा गांधी जलतरण तलाव यांसारख्या जुन्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या लोक शिकत आलेत. नवशिक्यासाठी ५० मीटरचा टँक अंगावर येतो, कारण मध्ये धरायला काही नसतं. अशा ठिकाणी सुरुवातीला आडवं, म्हणजे रुंदीत पोहायची परवानगी मिळते का ते विचारून घ्या.

पैसे भरण्याआधी एकदा तुमच्या बॅचच्या वेळेला जाऊन काठावर पंधरा मिनिटं उभे राहा. चार गोष्टी बघा. तळाची काळी रेघ स्पष्ट दिसते का? जीवरक्षकाची नजर पाण्यावर असते की मोबाइलवर? उथळ भागाची खोली किती, कारण साडेतीन-चार फुटांत शिकणं आणि पाच फुटांपासून सुरू होणाऱ्या टँकमध्ये शिकणं यात फार फरक पडतो. आणि त्या वेळेला पाण्यात माणसं किती असतात? एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळी शिबिरांमुळे उथळ भागात पाय ठेवायला जागा नसते. मोठ्या माणसाने शिकायला सुरुवात करायची तर जूननंतर किंवा दिवाळीनंतर. गर्दी ओसरलेली असते आणि सरांनाही तुमच्याकडे बघायला वेळ असतो. फक्त पुणे-नाशिककडे डिसेंबरातलं सकाळी सहाचं पाणी हा वेगळाच प्रकार आहे. तेव्हा दुपारची किंवा संध्याकाळची बॅच घ्या.

बहुतेक ठिकाणी बॅच ४५ मिनिटांची असते, बायकांची वेगळी बॅच असते आणि आठवड्यातून एक दिवस टँक सफाईसाठी बंद असतो. फॉर्मबरोबर फोटो, ओळखपत्र आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात. हे प्रमाणपत्र ओळखीच्या डॉक्टरांकडून नुसतं सही करून आणण्याची पद्धत आहे, ती पाळू नका. हृदयाचा त्रास, रक्तदाब, फिट येणं, दमा, कानाच्या पडद्याला भोक, इन्सुलिन चालू असलेला मधुमेह किंवा गर्भारपण, यांपैकी काही असेल तर खरंच तपासून घ्या आणि टँकवरच्या सरांनाही ते सांगून ठेवा. फिट येणाऱ्या माणसाला जमिनीवर मिळणारी दोन मिनिटांची सवलत पाणी देत नाही.

शिकवणारा हवाच का? हो. व्हिडिओ बघून स्ट्रोक सुधारता येतो, पण पाण्याची भीती असलेल्या माणसाजवळ पहिल्या महिन्यात हाडामांसाचं कुणीतरी उभं असायला हवं. मोठ्या माणसांना शिकवण्याचा अनुभव असलेले सर किंवा मॅडम निवडा. लहान मुलांना ‘उडी मार, मी आहे’ म्हणून शिकवता येतं. पन्नाशीच्या काकूंना तसं करायला गेलं की त्या दुसऱ्या दिवसापासून येत नाहीत.

पिशवीत काय काय

कॉश्च्युम नायलॉन, पॉलिस्टर किंवा लायक्राचा हवा. सुती कपडे पाणी पिऊन जड होतात, त्यांचे धागे गाळणीत अडकतात, त्यामुळे ते कुठेही चालत नाहीत. बायकांसाठी कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्यापर्यंत किंवा घोट्यापर्यंत पाय असलेले कॉश्च्युम आता तालुक्याच्या गावीही मिळतात. फक्त एकच काळजी घ्या, सैल फ्रॉकसारखा घेर नको. तो पाण्यात वर येतो आणि पाय मारताना अडकतो. पुरुषांनी गुडघ्यापर्यंतची घट्ट पँट घ्यावी. खिसेवाली बर्म्युडा घालून पोहणं म्हणजे पाठीमागे बादली बांधून पोहणं.

खरा खर्च गॉगलवर करा. दुकानात गॉगलची पट्टी न लावता तो नुसता डोळ्यांवर दाबून बघा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. गळणाऱ्या गॉगलमुळे नवशिके तोंड पाण्यात घालायलाच तयार होत नाहीत आणि तिथेच सगळं अडतं. आतल्या बाजूने काचेला बोट लावू नका, धुकं न धरणारा थर निघून जातो. चष्मा असणाऱ्यांसाठी नंबरचे गॉगल तयार मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने. काठावरचं घड्याळ आणि खोलीचे आकडे दिसायला लागले की अर्धी भीती कमी होते.

टोपी सिलिकॉनची घ्या. बाकी टॉवेल, चपला, साबण, पाण्याची बाटली. किक बोर्ड, म्हणजे पाय मारताना हातांनी धरायची तरंगती फळी, बहुतेक टँकवर असतो. हवा भरायच्या ट्यूब आणि दंडाला लावायचे फुगे मोठ्यांनी टाळावेत. त्यांच्यामुळे शरीर उभं राहतं आणि आपल्याला शिकायचंय आडवं व्हायला.

पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्यायची पाटी सगळीकडे असते आणि सगळे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. टँकच्या जवळ गेल्यावर नाकाला झोंबणारा जो वास येतो, तो स्वच्छ क्लोरिनचा नसतो. क्लोरिन आणि माणसांचा घाम, लघवी यांच्या संयोगातून तयार होणाऱ्या पदार्थांचा असतो. डोळे लाल होण्याचं मोठं कारणही तेच. केस आधी साध्या पाण्याने भिजवले तर ते टँकमधलं पाणी कमी शोषतात, हा आपला फायदा. तेल लावून मात्र उतरू नका.

पहिले पंधरा दिवस: पोहायचंच नाही

या काळात एक हातही मारायचा नाही, असं ठरवूनच जा. क्रम असा:

१. उतरणं आणि चालणं. शिडीकडे तोंड करून उतरा. छातीएवढ्या पाण्यात काठाकाठाने चाला, मग काठ सोडून चाला. पाणी ढकलतं कसं, तोल कुठे जातो, हे पायांना कळू द्या.

२. बुडबुडे. काठ धरा, तोंडाने श्वास घ्या, चेहरा पाण्यात घाला आणि नाकातून-तोंडातून हळूहळू हवा सोडा. आवाज ‘हम्म्म’ असा एकसारखा यायला हवा. हवा संपत आली की डोकं वर. वर आल्यावर हवा सोडायची नाही, फक्त घ्यायची. बहुतेक जण उलट करतात. पाण्यात श्वास कोंडून ठेवतात आणि वर येऊन त्या अर्ध्या सेकंदात सोडणं आणि घेणं दोन्ही उरकू बघतात. तेवढा वेळच नसतो. मग छातीत शिळी हवा साठत जाते. आपल्याला वाटतं ऑक्सिजन कमी पडला, पण गुदमरल्याची ती भावना मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते.

३. बॉबिंग. हेच उभ्या-उभ्या. पूर्ण खाली बसा, बुडबुडे सोडत वर या, श्वास घ्या, पुन्हा खाली. सलग वीस वेळा न घाबरता, न खोकता जमेपर्यंत पुढची पायरी चढू नका. याला कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला दोन आठवडे. लाज वाटायचं कारण नाही. काठावर बसलेली मुलं हसतील, हसू देत.

४. तरंगणं. गुडघे छातीशी घेऊन, हातांनी पायांना मिठी मारून, चेहरा पाण्यात. याला मशरूम फ्लोट म्हणतात. आधी थोडं खाली जाल आणि मग पाठ आपोआप वर येईल. स्वतःहून बुडायला गेलं तरी भरलेली छाती बुडू देत नाही, हे एकदा अंगाला कळलं की डोक्याला वेगळं सांगावं लागत नाही. मग हात-पाय हळूहळू पसरा.

५. पुन्हा उभं राहणं. ही पायरी बरेच जण शिकवतच नाहीत, आणि मोठ्या माणसांची निम्मी भीती इथेच असते.

यावर जरा थांबू. आमच्या टँकवर एक काकू होत्या. तरंगायच्या छान, पण तरंगून झालं की घाबरून आधी डोकं वर करायच्या. डोकं वर आलं की पाय मागेच राहतात, पाठीची कमान होते, पाय तळाला लागत नाहीत, मग हात फडफडतात आणि नाकातोंडात पाणी. मॅडमनी त्यांना बाकी सगळं थांबवायला लावलं आणि एवढंच करून घेतलं: चेहरा पाण्यातच ठेवायचा, दोन्ही गुडघे पोटाशी ओढायचे, पसरलेले हात टेबल दाबावं तसे खाली दाबायचे, पाय आपसूक खाली येतात, तळ लागला की मगच डोकं वर. मॅडम शेजारी उभ्या, पण हात पाठीमागे बांधलेले. काकूंनी गुडघे ओढले, हात दाबले, आणि उभ्या राहिल्या. टोपी कपाळावर सरकलेली, एका गॉगलमध्ये पाणी, आणि पहिलं वाक्य, ‘अगं, एवढंच होतं?’ त्या दिवसानंतर त्यांनी पाइप सोडला.

६. ग्लाइडिंग. भिंतीला पाय लावा, हात डोक्यावर जोडून पुढे, चेहरा खाली, आणि ढकला. काहीही न करता जिथपर्यंत जाल तिथपर्यंत जा, मग वरच्या पद्धतीने उभे राहा. हेच पाठीवर झोपूनही करा: कान पाण्यात, पोट वर, नजर छताकडे. पाठीवर तरंगता येणं हा तुमचा विमा आहे. पुढे कधीही दम लागला तर उताणं व्हायचं आणि श्वास घ्यायचा.

मग पाय, मग हात

किक बोर्ड धरून पाय मारायला लागलात की दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, सायकल चालवल्यासारखे गुडघे दुमडणं. पाय मांडीच्या मुळापासून हलायला हवा, गुडघा किंचित सैल, घोटा अगदी ढिला. पळणाऱ्या लोकांचे घोटे ताठ असतात. ते जीव तोडून पाय मारतात आणि जागेवरच राहतात, कधीकधी मागेसुद्धा जातात. त्यांनी घरी टाचांवर बसून, म्हणजे वज्रासनात, घोटे मोकळे करावेत. दुसरी चूक, फार जोरात मारणं. मांडीचे स्नायू मोठे असतात, सगळा दम तेच खाऊन टाकतात. व्यायामाच्या पोहण्यात पाय फक्त शरीर आडवं ठेवण्यापुरते हलले तरी पुरे.

पाय खाली जातात ही तक्रार सगळ्यांचीच असते. उपाय पायांकडे नसून मानेकडे आहे. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय बुडणारच, कारण छातीतली हवा पुढचा भाग उचलून धरते आणि मागे तसं काही नसतं. नजर सरळ खाली, तळाच्या रेघेवर. पुढे कोण येतंय ते बघायचा मोह आवरा.

आता फ्री स्टाइलच्या हातांबद्दल थोडक्यात. हात खांद्याच्या रेषेत पुढे पाण्यात जाऊ द्या, डोक्यासमोर आडवा नको. नाहीतर पुढे खांदा दुखतो. पाणी खाली दाबायचं नाही, मागे ढकलायचं. एक हात पुढे पोचेपर्यंत दुसऱ्याची घाई करू नका.

श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, वळवायचं. खांद्याबरोबर अंग थोडं कुशीवर होतं, त्याच वळणात चेहरा बाजूला. योग्य वळलात तर एका गॉगलमधून पाणी दिसतं आणि दुसऱ्यातून टँकची भिंत. दोन्ही गॉगलमधून आकाश दिसलं तर जास्त वळलात. तोंड पाण्यात परत गेलं की लगेच बुडबुडे सुरू, म्हणजे पुढच्या वेळी वळेपर्यंत छाती रिकामी असेल. सुरुवातीला दर दोन हातांनी, एकाच बाजूला श्वास घ्या. दर तीन हातांनी दोन्ही बाजूंना घ्यावा असं जाणकार सांगतील. बरोबर आहे, पण ते नंतर.

विहिरीत शिकलेल्यांसाठी

तुम्हाला पाण्याची भीती नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. गावाकडच्या विहिरीत मान वर ठेवून पोहायला शिकवत, ते योग्यच होतं: तिथे काठ गाठणं महत्त्वाचं, आणि पाण्यात सापही असायचा. पण मान वर ठेवून अर्धा तास पोहलात तर मानेचा आणि कमरेचा डॉक्टर शोधावा लागेल. तुम्ही वरची दुसरी, तिसरी आणि सहावी पायरी करा. ‘आम्हाला येतं’ हे दोन आठवडे बाजूला ठेवावं लागेल आणि ते जरा जड जातं, विशेषतः शेजारच्या लेनमध्ये आपलाच मुलगा शिकत असेल तर.

बेडकासारखे पाय मारायची सवय असेल तर ब्रेस्ट स्ट्रोक तुम्हाला लवकर येईल. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणं असणाऱ्यांनी मात्र तो टाळून फ्री स्टाइल आणि बॅक स्ट्रोकवर, म्हणजे उताणं पोहण्यावर, भर द्यावा. बॅक स्ट्रोकला आपल्याकडे उगाच दुय्यम मानतात. दिवसभर संगणकापुढे वाकून बसणाऱ्यांना त्याच्याइतकं दुसरं काही नाही, आणि श्वासाची कटकट शून्य.

व्यायाम सुरू कधी होतो

सलग २५ मीटर न थांबता, न घाबरता जमलं की. रोज सराव असेल तर बहुतेकांना महिना-दीड महिना लागतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. टँकचे तीन दिवस आणि चालण्याचे दोन, एवढ्यात ते बसतं. अगदी रोज पोहायलाच हवं असं नाही, सुरुवातीला खांद्यांना एखाद्या दिवसाची सुट्टी मिळालेली बरी.

आता सगळ्यांचं होतं ते असं: पहिली फेरी शर्यतीसारखी, दुसरी मेल्यासारखी, मग वीस मिनिटं काठावर गप्पा. टँकवरचा खरा फिटनेस गप्पांचाच होतो.

त्यापेक्षा असं करा. पाच मिनिटं सावकाश बॉबिंग आणि ग्लाइडिंग. मग २५ मीटरच्या आठ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर काठावर आठ शांत श्वास. सेकंद मोजू नका, श्वास मोजा. आठ श्वासांत धाप बसली नाही तर याचा अर्थ तुम्ही फेरी जोरात मारली. पुढची आणखी हळू. हे विचित्र वाटेल, पण नवशिक्याला सगळ्यात अवघड काय जातं, तर हळू पोहणं. शेवटी पाच मिनिटं पाठीवर, आरामात.

आठ फेऱ्या सहज होऊ लागल्या की आठ श्वासांचे सहा करा, मग चार. मग दोन फेऱ्या जोडून ५० मीटर करा. एक फेरी फ्री स्टाइल, परतताना बॅक स्ट्रोक, असं आलटून पालटून केलं तर सलग अंतर फार लवकर वाढतं. अंतराच्या मागे लागण्याआधी अधूनमधून एका फेरीत किती हात लागतात ते मोजा. तेवढ्याच अंतराला हात कमी लागू लागले म्हणजे पोहणं सुधारतंय. तीन-चार महिन्यांत सलग ४०० मीटर हे बऱ्याच जणांना जमण्यासारखं लक्ष्य आहे. २५ मीटरच्या टँकमध्ये ४० फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर, पण त्याची घाई नको.

मनगटी घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांकडे फार बघू नका. आडवं शरीर आणि गार पाणी यांमुळे पोहताना हृदयाचे ठोके पळण्यापेक्षा साधारण दहाने कमीच राहतात. फेरी संपल्यावर एक पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर आहे.

पाण्यातली वागणूक

गर्दीच्या लेनमध्ये एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने परतायचं. मधोमध थांबायचं नाही. थांबायचंच तर कोपऱ्यात, म्हणजे मागून येणाऱ्याला भिंत मिळेल. ओल्या काठावर पळू नका. उथळ भागात सूर मारू नका, मानेचं हाड मोडतं. सात वाजताच्या बॅचला साडेसात वाजता येऊन उडी टाकणाऱ्या काकांबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही, त्यांना वळसा घाला.

एका गोष्टीबद्दल मात्र कडक राहा. जोरजोरात श्वास घेऊन मग पाण्याखाली जास्तीत जास्त वेळ राहायची पैज लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे ‘आता वर जा’ हा इशारा उशिरा येतो आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते. चांगल्या पोहणाऱ्यांचेही यात जीव गेले आहेत, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा.

पोहून आल्यावर

कानात पाणी गेलं तर डोकं त्या बाजूला कलतं करा, कानाची पाळी हलकेच ओढा, टॉवेलने बाहेरून पुसा. कापसाच्या काड्या घालू नका. कान ओढल्यावर दुखत असेल तर दोन-तीन दिवस पाण्यापासून लांब राहून डॉक्टरांना दाखवा. अंगाला साबण लावून लगेच धुवा, मग खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर. कॉश्च्युम साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घाला. उन्हात टाकला की महिनाभरात लास्टिक जातं.

पोटभर जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. सकाळच्या बॅचला निघताना एखादं केळं किंवा दोन खजूर पुरतात. आल्यावर पोहे, उपमा, अंडी, जे घरात असेल ते बसून खा. वडापावच्या गाडीपाशी थांबू नका, एवढंच. पाळी चालू असताना टॅम्पॉन किंवा कप वापरून पोहता येतं. पॅड लावून मात्र नाही, तो पाणी शोषून फुगतो.

टँक सोडून दुसरीकडे

टँकमध्ये एक किलोमीटर येतो म्हणून धरणात, नदीत किंवा समुद्रात उतरायला तुम्ही तयार झालात असं होत नाही. तिथे तळाची रेघ नसते, काठ नसतो, पाणी गढूळ असतं, आणि ओढ कोणत्या दिशेला आहे ते वरून दिसत नाही. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर समुद्रात उतरूच नये. मोकळ्या पाण्याची हौस असेल तर आधी टँकमध्येच काठ न धरता वीस मिनिटं पोहणं, मध्येच थांबून जागेवर तरंगणं आणि तीन-चार हातांनी एकदा डोकं वर काढून दिशा बघणं, हे तिन्ही जमवा. मग अनुभवी गटाबरोबर, रंगीत टोपी घालून, सोबत होडी असताना जा. मालवणच्या चिवला बीचवर सागरी जलतरणाची राज्यस्तरीय स्पर्धा होते, त्यात वयोगटांनुसार वेगवेगळी अंतरं असतात. पोहायचं नसलं तरी एकदा बघायला जाऊन या. किनाऱ्यावर उभं राहून प्रौढ गटातल्या लोकांचे हात बघा, किती सावकाश पडतात ते.